ऐकलेले वाक्य आणि घरची वही

वसंत व्याख्यानमालेच्या मंडपात पहिल्या दोनचार रांगांत काही श्रोते नेहमी असे दिसतात, की ज्यांच्या मांडीवर वही असते आणि हातात पेन्सिल. वक्ता रंगात येऊन एखादे वाक्य नेमके बोलून गेला, की ह्या मंडळींची मान खाली जाते आणि पेन्सिल चालू लागते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ह्या वासंतिक व्याख्यानांचा पाया घातला आणि पुढे ही प्रथा महाराष्ट्रातल्या गावोगावी पसरली. तेव्हापासून वक्त्यांबरोबर हे टिपणारे श्रोतेही पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. बोललेला शब्द मंडपाबाहेर पडेपर्यंत निम्मा विरतो. टिपलेला तेवढा घरी पोचतो. आपल्या हाती असलेला हा संग्रह तरी ह्याहून निराळा कोठे आहे?

ह्याच मंडळींची एक धाकटी शाखा घरोघरी आहे. रात्री जेवणे आटोपल्यावर दूरचित्रवाणीसमोर बसावे, चित्रपट किंवा मालिका पाहावी आणि पात्रांच्या तोंडचे एखादे वाक्य मनाला भिडले की चटकन कागदावर उतरवून घ्यावे, अशी सवय असलेली ही माणसे. कोणी विद्यार्थी असतो, कोणी गृहिणी, कोणी सेवानिवृत्त कारकून. घरातले इतर त्यांना हसतात. “अहो, नटांच्या तोंडची वाक्ये कसली लिहून घेता?” असे म्हणतात. आम्हीही एके काळी हसलो आहोत. म्हणूनच ह्या सवयीत काय आहे, ती नीट कशी करावी आणि ती अर्धवट केल्यास काय हातचे जाते, ह्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. आमच्या घरी तसे एकदा झाले आहे. ती हकीकतही ओघाने येईलच.

जमेची बाजू आणि नावेची बाजू

आमचे घर जालन्याचे. कुंडलिकेच्या काठचे हे व्यापारी गाव. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात सर्वांच्या तोंडी आहे. आमचे वडील, ज्यांना आम्ही बापू म्हणत असू, येथल्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम होते. दिवसभर रोजमेळ आणि खतावणी लिहायची, रात्री हातपाय धुऊन घरी यायचे, हा त्यांचा क्रम. १९८५ च्या सुमारास आमच्या गल्लीत दूरचित्रवाणीचा पहिला संच आला आणि पुढल्या वर्षी आमच्याही घरी आला. मुंबईचे दूरदर्शन केंद्र १९७२ साली सुरू झाले होते. पण आमच्यासारख्या गावांना ही करमणूक मिळाली ती १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर देशभर लहान लहान प्रक्षेपक उभे राहिले तेव्हा. रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट लागे आणि शेजारपाजारची पंधरावीस माणसे आमच्या ओसरीवर येऊन बसत.

बापू एका कोपऱ्यात दुकानातली जुनी, लाल कापडी पुठ्ठ्याची चोपडी घेऊन बसत. आवडलेले वाक्य ते डाव्या पानावर, म्हणजे जमेच्या बाजूला लिहीत. उजवे पान, नावेची बाजू, कोरी राही. त्यांची लिपी मोडी. ज्यांनी मोडी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे, की तिच्यात इकार आणि उकार ऱ्हस्व की दीर्घ हा भेद राखीत नाहीत, आणि वरची रेघ आधी ओढून तिला अक्षरे लोंबकळत लिहिली जात असल्याने शब्दही एकमेकांना चिकटलेले असतात. मराठी हिशेबात त्याने अडत नाही, कारण वाचणाऱ्याला मजकूर अगोदरच माहीत असतो. पण उर्दूमिश्रित हिंदी संवाद मोडीत लिहिला, की ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब किंवा धर्म, ह्यांतला कोणता शब्द हे केवळ अक्षरांवरून सांगता येत नाही. बापूंचे शालेय शिक्षण निजामी राजवटीतले. जालना १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे चित्रपटातली फारशी वळणाची वाक्ये त्यांना सहज कळत. आम्हां मुलांना ती निम्मी कळत आणि त्यांची मोडी मुळीच कळत नसे.

बापू गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी ती चोपडी आमच्या हाती आली. मोडी शिकून आम्ही ती वाचावयास घेतली. बहुतेक वाक्ये चित्रपटांतली होती आणि थोड्या खटपटीने कोणती कोठली ते लागतही गेले. एक मात्र लागेना. दोन हिंदी संवादांच्या मधोमध एक मराठी ओळ होती: “दार लावा, पण कडी घालू नका.” वर नाव नाही, खाली तारीख नाही. आम्ही तो चित्रपट शोधू लागलो. जाणकारांना विचारले, जुन्या मराठी चित्रपटांच्या कथा चाळल्या. वाक्य मोठे नाट्यपूर्ण, तेव्हा ते कोणा नामांकित लेखकाचे असणार, अशी आमची खात्री होती. त्या शोधाचा शेवट कसा झाला ते पुढे सांगू. तत्पूर्वी अशी फसगत का होते ते पाहिले पाहिजे.

स्मरणशक्तीचे कारागीर हात

पुष्कळांना वाटते, की आवडलेले वाक्य आपल्या लक्षात राहीलच. ते लिहून कशाला ठेवायचे? ह्या समजुतीला धक्का देणारे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १९७५ साली ‘शोले’ प्रदर्शित झाला. त्यातले संवाद इतके गाजले, की गाण्यांप्रमाणे संवादांचीही ध्वनिमुद्रिका निघाली आणि चहाच्या हॉटेलांतून व पानपट्ट्यांवरून ती अहोरात्र वाजू लागली. म्हणजे हे संवाद लोकांनी एकदा नव्हे, शेकडो वेळा ऐकले. तरीही त्यातले सर्वांत प्रसिद्ध वाक्य लोक चुकीचे म्हणतात! गब्बरसिंगाने माणसे किती होती हा प्रश्न विचारला तो कालियाला. सांबाला त्याने हाक मारली ती आपल्या डोक्यावर सरकारने किती बक्षीस लावले आहे हे विचारण्यासाठी. लोकांच्या तोंडी सांबाची हाक कालियाच्या प्रश्नाला येऊन चिकटली आणि चित्रपटात कोणीही न उच्चारलेले एक तिसरेच वाक्य तयार झाले. परदेशातही हेच. ‘कॅसाब्लांका’ ह्या १९४२ च्या चित्रपटातले, पियानोवाल्या सॅमला पुन्हा वाजवावयास सांगणारे जगप्रसिद्ध वाक्य त्या रूपात चित्रपटात नाहीच.

असे का होते? केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्याचा उलगडा केला आहे. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक कथा वाचावयास दिली आणि काही काळाने, मग आणखी काही काळाने, ती आठवून लिहावयास सांगितले. प्रत्येक वेळी कथा आखूड होत गेली. जे अनोळखी ते गळाले किंवा ओळखीच्या वस्तूत बदलले. जे विसंगत वाटले ते सुसंगत झाले. तात्पर्य, स्मरण ही तिजोरी नसून कारखाना आहे. तेथे ठेवलेला माल परत मिळतो, पण आपल्या सोयीने घडवून. ऐकलेल्या वाक्यातला अडनिडा शब्द आपण गुळगुळीत करतो, आणि पुष्कळदा त्या अडनिड्या शब्दातच वाक्याचा जीव असतो.

शब्द बदलतात तसा बोलणाराही बदलतो, आणि हा बदल अधिक घातक. ‘प्रभात’च्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात बीज आणि वृक्ष ह्यांच्या दृष्टांताचे एक सुंदर अभंगवजा गीत आहे. ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिले. पण विष्णुपंत पागनीस यांच्या मुखातून ते असे काही प्रकटले, की असंख्य लोक ते तुकोबांचेच मानू लागले. कित्येकांनी गाथ्यात त्याचा शोधही घेतला. आठवल्यांच्या लेखणीला ह्याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळणे कठीण. परंतु टिपणाऱ्याने वाक्याशेजारी लेखकाचे नाव लिहिले नाही, तर तीनशे वर्षांचे अंतर कसे एका फुंकरीसरशी पुसले जाते, ह्याचाही तो दाखला आहे.

जुन्या मराठीतला धडा

ऐकलेले वाक्य जसेच्या तसे टिपण्याची विद्या मराठीला नवी नाही. आमचे आद्य गद्यच त्यातून जन्मले. श्रीचक्रधर दृष्टीआड झाल्यावर त्यांचे अनुयायी त्यांच्या आठवणी काढीत बसत. त्या वेळी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात ह्या आठवणी गोळा करण्याचे काम हाती घेतले. ज्याने जे प्रत्यक्ष पाहिले किंवा ऐकले, त्याच्याकडे जाऊन ते विचारून घ्यायचे, आणि प्रसंग कोठे घडला, तेथे कोण होते, कोण काय म्हणाले, हे त्या त्या बोलीसह नोंदवायचे, अशी त्यांची रीत. ह्यातून ‘लीळाचरित्र’ तयार झाले. त्यातली माणसे आजही आपल्यासमोर बसून बोलत असल्यासारखी वाटतात, ती ह्या काटेकोरपणामुळे.

पुढे काय झाले ते आमच्या विषयाला फार उपयोगी आहे. केसोबासांनी चक्रधरांच्या मुखातली वचने ह्या लीळांतून वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ रचला. सूत्रे पाठ करावयास सोपी, मनन करावयास उत्तम. पण प्रसंगापासून सुटलेले वचन अनेक अर्थांनी वाचता येते. हे कोणाला म्हटले, कशावरून म्हटले, रागावून म्हटले की हसून म्हटले, हे कळल्याखेरीज अर्थाचा निश्चय होईना. म्हणून महानुभाव अभ्यासकांना ‘प्रकरणवश’ नावाचा आणखी एक ग्रंथप्रकार निर्माण करावा लागला. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगाने उच्चारले गेले, एवढेच त्यात सांगितलेले असते. आधी वचन प्रसंगातून काढले आणि मग प्रसंग शोधून पुन्हा त्याला जोडला! ह्या सातशे वर्षांपूर्वीच्या खटाटोपात आमच्या घरगुती वहीसाठी सगळा धडा आहे: वाक्य लिहावे, पण त्याचा प्रकरणवश त्याच वेळी लिहून ठेवावा.

लिहावे कसे, ह्याचा धडा तर आमच्या जिल्ह्यातल्याच एका पुत्राने घालून दिला आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली घनसावंगी तालुक्यातल्या जांब येथे झाला. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास त्यांनी सबंध लेखनक्रियेला दिला आहे. मोक्षाचा विचार सांगणारा ग्रंथ आणि त्यात बोरू, शाई, कागद, ओळी, काना, मात्रा ह्यांची चर्चा! अक्षर वाटोळे व सुटे असावे; पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत वळण एकच राहावे; एका ओळीची मात्रा दुसऱ्या ओळीत घुसू नये, हे तर ते सांगतातच. पण दोन सूचना विशेष दूरदर्शी आहेत. तरुणपणी डोळे चांगले म्हणून फार बारीक लिहू नये, म्हातारपणी तेच आपल्याला वाचता येणार नाही. आणि पानाच्या चारही बाजूंना जागा सोडावी, म्हणजे पुढे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. आपण लिहिलेले आपल्यामागे कोणीतरी वाचणार आहे, हे मनात धरून दिलेला हा उपदेश आहे.

हा ग्रंथ समर्थांनी सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, असे परंपरा सांगते. महाडजवळची शिवथरची घळ त्यासाठी प्रसिद्ध आहे. कल्याणांच्या हातची प्रत परांड्याजवळील डोमगावच्या मठात राहिली. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी वाङ्मयाचा शोध घेत गावोगाव भ्रमंती केली आणि ह्या प्रतीवरून दासबोध छापून प्रसिद्ध केला. ऐकणाऱ्याने त्या वेळी नीट लिहिले, म्हणून अडीचशे वर्षांनी छापणाऱ्याला ते नीट वाचता आले. संतवचन आणि चित्रपटातला संवाद ह्यांची बरोबरी आम्ही करीत नाही. टिपणाऱ्याचे कर्तव्य तेवढे दोन्हीकडे सारखे आहे, इतकेच आमचे म्हणणे.

घरी बसून टिपताना

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. चित्रपटगृहात लिहिणे अशक्यच होते. अंधार, गर्दी आणि मागच्याचा ओरडा. घरी दिवा लावता येतो, आणि आता तर चित्र थांबवून मागेही नेता येते. सोय वाढली, तसा एक धोकाही वाढला. पुन्हा ऐकता येते म्हणून आपण पहिल्यांदा लक्षपूर्वक ऐकतच नाही. शिवाय दर पाच मिनिटांनी चित्र थांबवणाऱ्या माणसाबरोबर घरातले कोणी दुसऱ्यांदा बसत नाही, हा अनुभव आहे. म्हणून आमची पहिली सूचना अशी, की वाक्य कानी पडताच सबंध लिहू लागू नये. सुरुवातीचा एक शब्द, क्रियापद आणि शेवटचा शब्द असे तीन खिळे ठोकून ठेवावेत. प्रसंग संपू द्यावा, पात्राचे दुःख किंवा हसू पुरते आपल्यापर्यंत पोचू द्यावे, आणि मध्यंतरात किंवा चित्रपट संपल्यावर त्या तीन खिळ्यांना वाक्य टांगावे. शंका राहिली तर तेवढाच भाग परत ऐकावा.

दुसरी सूचना भाषेची. पात्र ज्या बोलीत बोलले, त्याच बोलीत लिहावे. आम्हां मराठवाड्याच्या लोकांच्या कानांना दखनी, उर्दू, मारवाडी आणि मराठी अशा चारही तऱ्हा सवयीच्या आहेत. तरी हातात पेन्सिल आली, की शाळेतले गुरुजी मनात जागे होतात आणि बोलीतले ‘लई’ आपण न कळत ‘फार’ करून टाकतो. हा मोह टाळावा. पडद्याच्या तळाशी येणाऱ्या ओळींवरूनही उतरवून घेऊ नये. त्या ओळी वाचायला वेळ थोडा असतो आणि जागा दोनच ओळींची, म्हणून बोललेले वाक्य तेथे पुष्कळदा छाटून आखूड केलेले असते.

तिसरी सूचना लेखकाच्या नावाची. वाक्य आपण नटाच्या नावाने लक्षात ठेवतो; पण ते बहुधा दुसऱ्याच कोणीतरी रात्री जागून लिहिलेले असते. ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) च्या संवादांमागे अमान, कमाल अमरोही, एहसान रिझवी आणि वजाहत मिर्झा असे चार लेखक होते. १९८८ पासून दूरदर्शनवर गाजलेल्या ‘महाभारत’ मालिकेचे संवाद डॉ. राही मासूम रझा यांचे. सलीम आणि जावेद ह्या जोडीने तर ‘जंजीर’ (१९७३) च्या वेळी, भित्तिपत्रकांवर आपले नाव नाही म्हणून रंगाऱ्याकडून ते मुंबईभर रंगवून घेतले, असे सांगतात. श्रेयनामावली वर सरकत असताना आपण पाणी प्यायला उठतो. त्याऐवजी दोन क्षण बसून संवादलेखकाचे नाव टिपावे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची सूचना प्रसंगाची. तिचे एक उदाहरण देतो. १९७५ च्या ‘सामना’ चित्रपटात मारुती कांबळेचे काय झाले, हा प्रश्न वारंवार येतो आणि महाराष्ट्राच्या राजकारणात तो वाक्प्रचारासारखा रूढ झाला आहे. वहीत नुसता प्रश्न लिहिला, तर पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला त्यात काय दिसेल? एका माणसाची साधी चौकशी. त्या शब्दांत अलंकार नाही, कल्पना नाही. पण त्याच्यासमोर असे लिहा: ‘लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल. विचारणारा गावात कोठून तरी येऊन पडलेला, दारूच्या आहारी गेलेला मास्तर, म्हणजे श्रीराम लागू. ज्याला विचारायचे तो साखर कारखान्याचा आणि साऱ्या पंचक्रोशीचा सत्ताधीश हिंदुराव, म्हणजे निळू फुले. बाकी सारे गाव गप्प आहे.’ एवढे लिहिताच साध्या चौकशीला धार येते. ज्याच्यापाशी गमावण्यासारखे काही नाही, असाच माणूस तो प्रश्न विचारू शकतो, हे कळते. वाक्याचे अर्धे बळ शब्दांत असते. उरलेले कोण, कोणाला, केव्हा ह्या तीन गोष्टींत.

म्हणून आम्ही आता बापूंच्याच पद्धतीची दुपानी वही वापरतो. डाव्या पानावर वाक्य. उजव्या पानावर चित्रपटाचे नाव व साल, लेखक, बोलणारे पात्र, ऐकणारे पात्र, प्रसंग दोन ओळींत, आपण पाहिले ती तारीख आणि त्या वेळी घरात कोण कोण बसले होते ते. एका चित्रपटातून एकच वाक्य, फार तर दोन. पुष्कळ टिपू लागले की निवड सुटते, आणि निवड सुटली की ती वही म्हणजे केवळ रद्दी. हल्ली पुष्कळजण पडद्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर घेऊन ठेवतात. ते वाईट नाही; पण हजारो छायाचित्रांच्या ढिगात ते पुन्हा दिसत नाही. शिवाय स्वतःच्या हाताने लिहिताना वाक्य जसे सावकाश मनातून जाते, तसे ते बोटाच्या एका स्पर्शाने जात नाही.

कडी न घातलेले दार

कोणी म्हणेल, घरात कोण बसले होते हे लिहून काय करायचे? त्याचे उत्तर बापूंच्या त्या न लागलेल्या ओळीत आहे.

आमची आत्या नव्वदीला टेकली असताना एकदा आमच्याकडे राहावयास आली होती. दुपारच्या निवांत वेळी आम्ही तिला चोपडीतली वाक्ये वाचून दाखवीत होतो. ती ओळ येताच आम्ही म्हणालो, “आत्या, एवढा एक पिक्चर काही सापडत नाही बघ.” ती आमच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “अरे, पिक्चर कुठला घेऊन बसलास? ही तर वहिनी म्हणायची, रोज रात्री.”

वहिनी म्हणजे आमची आई. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली हजारो माणसे खडी फोडायला आणि परगावी कामाला गेली. त्यांत आमचे धाकटे काकाही होते. जाताना त्यांचे आणि बापूंचे काही बोलणे झाले होते. त्यानंतर त्यांचे पत्र आले नाही. आईने त्यांना लहानाचे मोठे केले होते. रविवारी चित्रपट संपून ओसरीवरची माणसे उठू लागली, की ती आतून शेवटच्या माणसाला सांगे: दार लावा, पण कडी घालू नका. तेरा-चौदा वर्षे ती हे सांगत होती. आम्ही मुले ते इतके ऐकत आलो होतो, की आम्हांला ते ऐकूच येत नव्हते. बापूंना एका रविवारी ते ऐकू आले. त्यांनी ते त्या दिवशीच्या संवादांच्या रांगेत, जमेच्या बाजूला लिहिले. काका परत आले नाहीत. बापूंनी त्यांच्याविषयी आमच्यापाशी कधी शब्द काढला नाही. ती एक ओळ एवढेच त्यांचे बोलणे.

त्यांनी नाव का लिहिले नाही? त्यांना ते लिहिण्याची गरजच नव्हती. बोलणारी कोण हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि ते आपण कधी विसरू असे कोणालाच वाटत नाही. नोंद करणाऱ्याला जे सर्वांत चांगले माहीत असते, नेमके तेच कागदावर येत नाही, आणि पुढे वाचणाऱ्याला नेमके तेच हवे असते. आत्या त्या वर्षी आली नसती, तर आम्ही आमच्या आईचे वाक्य कोणा नामवंत लेखकाच्या नावावर लावून मोकळे झालो असतो. तीनशे वर्षांपूर्वीच्या संताच्या नावावर आठवल्यांचे गीत लागले ही चूक मोठी खरी. पण घरातल्या माणसाला ही आमची चूक फार जवळची होती.

त्या दिवसापासून बापूंच्या चोपडीची उजवी पाने आम्ही भरू लागलो. जेवढी माहिती लागली तेवढी लिहिली, समर्थांच्या सूचनेप्रमाणे ठळक अक्षरात, कडेला जागा सोडून. डावीकडच्या मोडीखाली बाळबोधही लिहिली, म्हणजे नातवंडांना अडणार नाही. आणि आमच्या स्वतःच्या वहीत आता पडद्यावरच्या वाक्यांबरोबर पडद्यासमोर बसलेल्या माणसांचीही वाक्ये येऊ लागली. चित्रपट पाहताना माणसे सैल होतात. एरवी न बोललेले बोलून जातात. एखाद्या प्रसंगावर आजी जे सहज म्हणते, ते संवादलेखकाला सुचले नसते. चित्रपटाची प्रत कोठेतरी जपून ठेवलेली असते, त्यातले वाक्य उद्याही ऐकता येईल. आजीचे वाक्य एकदाच उच्चारले जाते, आणि त्याची दुसरी प्रत नसते.

तेव्हा ज्यांना ही सवय आहे त्यांनी ती लाजून सोडू नये, आणि ज्यांना नाही त्यांनी ह्या उन्हाळ्याच्या सुटीत करून पाहावी. साहित्य फार लागत नाही: एक दुपानी वही, एक पेन्सिल आणि दिव्याजवळची जागा. डावीकडे वाक्य लिहिले, की वही मिटण्यापूर्वी उजवे पान भरावे. ‘हे आपल्याला माहीतच आहे’ असे वाटले तर अवश्य भरावे. आणि घरात जुन्या मंडळींच्या अशा वह्या असतील, तर त्यांतली न लागलेली वाक्ये कोणाला विचारता येण्याजोगी आहेत, तोवर विचारून घ्यावीत.

आमच्या वहीत त्या ओळीसमोर आता आईचे नाव आहे. बापूंनी कोरे ठेवलेले ते पान आम्ही आत्याला वाचून दाखविले, तेव्हा तिने एकच दुरुस्ती सुचविली. आई ‘लावा’ म्हणत नसे, ‘लोटा’ म्हणत असे. ‘लावा’ हा बापूंच्या हिशेबी हाताने केलेला बदल. आम्ही मूळ ओळ तशीच ठेवली आणि शेजारी आत्याचा पाठ तिच्या नावासह लिहून ठेवला.